स्पेनची शहरे आणि ठाणेकरांची घाई

युरोप म्हणजे लंडनचे घड्याळ, पॅरिसचा लोखंडी मनोरा आणि स्वित्झर्लंडचा बर्फ, अशी जी त्रिस्थळी यात्रा आमच्या मध्यमवर्गाने दोन पिढ्या इमानेइतबारे पार पाडली, तिला गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्पेनची जोड मिळाली आहे. २०११ साली 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' हा हिंदी चित्रपट झळकला आणि त्यातल्या तिघा मित्रांनी बुन्योल गावी टोमॅटोच्या रसात जी लोळण घेतली, ती पाहून म्हणा, किंवा बाकीचा युरोप एकदाचा उरकून झाल्यामुळे म्हणा, ठाणे, कल्याण, डोंबिवली या आमच्या पट्ट्यातील सहल-कंपन्यांच्या जाहिरातींत बार्सिलोना, ग्रानादा, सेव्हिल ही नावे आता महाबळेश्वर-पाचगणीच्या सहजतेने छापली जातात. खोपटच्या एस. टी. स्थानकात गणपतीच्या आधी कोकणच्या जादा गाडीसाठी बोचकी सांभाळत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांचीच मुले, आणि पुष्कळदा निवृत्तीनंतर ते स्वतः, आज एखाद्या सहल-कचेरीत बसून 'अल्हंब्रा धरून आहे की वेगळे पैसे?' असा प्रश्न विचारतात. आणि हे स्थित्यंतर ज्याने डोळ्यांदेखत घडताना पाहिले, त्याला त्याचा अभिमान वाटला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही.

जावे, आवर्जून जावे. तक्रार आहे ती ज्या पत्रकाच्या हुकुमाने आपण जातो, त्या पत्रकाबद्दल.

कोणत्याही कंपनीचे पत्रक उघडा. तपशिलात थोडेफार अंतर असले तरी सांगाडा एकच: दोन रात्री बार्सिलोना, एक वालेन्सिया, एक ग्रानादा, दोन सेव्हिल, जाता जाता कोर्दोबा, शेवटी दोन रात्री माद्रिद आणि त्यातलाच अर्धा दिवस तोलेदो. म्हणजे साधारण दहा दिवसांत सहा-सात शहरे, आणि त्यांना जोडणारा सुमारे सोळाशे किलोमीटरांचा बसप्रवास. सकाळी सातला बॅगा दाराबाहेर, आठला न्याहारी आटोपून गाडीत, दुपारी जेवणासाठी भारतीय उपाहारगृह शोधत शहराच्या कडेला, संध्याकाळी पुढच्या हॉटेलात. युरोपीय कायद्याप्रमाणे साडेचार तास गाडी हाकली की चालकाने पाऊण तास थांबलेच पाहिजे, त्यामुळे आपण ज्या ठिकाणी उतरून मोठ्या हौसेने छायाचित्रे काढतो ते ठिकाण पुष्कळदा स्पेनच्या सौंदर्याने निवडलेले नसून चालकाच्या विश्रांतीच्या हिशेबाने निवडलेले असते. त्या चालकाविषयी माझ्या मनात आदरच आहे, कारण सगळ्या सहलीत विसावा घेणारा तोच एक शहाणा माणूस असतो.

ही घाई उगाच आलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे. माणशी लाखांत रक्कम मोजायची, आयुष्याची शिल्लक बाजूला काढून मोजायची, आणि मग दोनच शहरे पाहून परतायचे, हे आमच्या काटकसरी हिशेबात बसत नाही. त्यात व्हिसाचे प्रकरण. बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रे, मालकाचा रजेचा दाखला, तीस हजार युरोंच्या संरक्षणाचा विमा, हॉटेलांच्या पावत्या, बोटांचे ठसे आणि वर २०२४च्या जूनपासून वाढलेली नव्वद युरोंची फी, एवढा सरंजाम जमवताना पेशवाईतल्या दप्तरदारालाही धाप लागली असती. एवढे सोसून जो परवाना मिळतो तो नेमक्या दिवसांचा, म्हणून माणूस म्हणतो, 'पुन्हा कोण हे करणार? एकदाच जायचे, सगळे पाहून घेऊ.' या युक्तिवादात तथ्य होते; परंतु २०२४च्या एप्रिलमध्ये युरोपीय संघाने भारतीयांसाठी नियम काहीसे सैल केले असून, तीन वर्षांत दोन व्हिसा रीतसर वापरलेल्या माणसाला पुढचा दोन वर्षांच्या मुदतीचा मिळण्याची वाट आता मोकळी झाली आहे. 'एकदाच' हा शब्द निदान ज्यांची परदेशवारी दर दोन वर्षांनी घडते त्यांनी तरी मागे घ्यायला हरकत नसावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो मुद्दा घड्याळाचा आहे.

माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे. सूर्याचा न्याय लावला तर तिथली वेळ लंडनच्याही किंचित मागे असायला हवी. परंतु १९४०च्या मार्चमध्ये फ्रँकोच्या राजवटीने घड्याळे एक तास पुढे केली, मध्य युरोपाच्या वेळेशी जुळवली, आणि ती आजही तशीच आहेत. त्यावर उन्हाळ्यातला आणखी एक तास चढतो. परिणाम असा की जूनअखेरीस माद्रिदला सूर्य मावळतो तो रात्री पावणेदहाच्या सुमारास. ज्या देशात मे-जूनच्या दुपारी सेव्हिल भाजून निघते आणि ज्या देशाचे घड्याळ सूर्याच्या दोन तास पुढे धावते, त्या देशाने आपला दिनक्रम घड्याळाऐवजी सूर्याला बांधून ठेवावा, यात नवल ते काय? दुपारचे जेवण दोन-अडीचला, त्यानंतर लहान दुकानांची कवाडे बंद, संध्याकाळ म्हणजे आठनंतरची वेळ, रात्रीचे जेवण साडेनऊ-दहाला. गावचे जीवन सुरू होते ते आपली झोपायची वेळ होते तेव्हा.

आणि आमचा पर्यटक? तो साडेसातला 'इंडियन डिनर' घेतो आणि नऊला खोलीचे पडदे ओढून, बाहेर लख्ख उजेड असताना, अंथरुणावर पडतो. दुपारी दोन वाजता, जेव्हा सेव्हिलचा शहाणा नागरिक सावलीत बसलेला असतो, तेव्हा हा बिचारा प्लाझा दे एस्पान्याच्या उघड्या अर्धवर्तुळात टोपी सावरीत उभा असतो. १९२९च्या प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्झालेझ या वास्तुविशारदाने ती इमारत बांधली तेव्हा स्पेनच्या एकेका प्रांतासाठी रंगीत फरशांचे एकेक बाक तिथे रचले, आणि ते बाक बसण्यासाठीच केलेले आहेत. पण दुपारच्या उन्हात तापलेल्या फरशीवर बसणार कोण? अशा रीतीने पत्रकातला माणूस सेव्हिलला दोन रात्री राहून येतो आणि सेव्हिल त्याने पाहिलेलेच नसते.

त्याच शहरात आलामेदा दे एर्कुलेस नावाचा एक लांबट चौक आहे. १५७४ साली तिथली दलदल आटवून, झाडांच्या रांगा लावून तो लोकांच्या फिरण्यासाठी तयार करण्यात आला; एका टोकाला रोमन काळचे दोन उंच स्तंभ आणून उभे केले आहेत आणि त्यांवर हर्क्युलीस आणि जूलियस सीझर यांचे पुतळे आहेत. मार्गदर्शक तिथे सहसा नेत नाही, कारण दाखवण्यासारखे तिथे फारसे काही नाही. परंतु रात्री दहाच्या सुमारास तिथे गेले तर आजोबा, सून, दुपट्यातले मूल, चेंडू घेऊन धावणारी आठ-नऊ वर्षांची पोरे आणि काठी टेकीत येणाऱ्या वृद्धा अशी चार पिढ्यांची वर्दळ दिसते. त्यांतल्या कोणाला कुठे जायची घाई नसते आणि पोरांना 'चला आता, उद्या शाळा आहे' असे कोणी म्हणताना दिसत नाही. (आमच्याकडच्या शिक्षिकांना हे पसंत पडणार नाही, याची मला कल्पना आहे.) तिथून फार लांब नाही अशा एका गल्लीत १६७० सालापासून चालत आलेली एल रिनकोनसिओ नावाची जुनी पानशाळा आहे, तिथला वाढपी अजूनही गिऱ्हाइकाने काय घेतले त्याचा हिशेब खडूने समोरच्या लाकडी फळीवर लिहितो, पैसे दिले की हाताने पुसून टाकतो, आणि पुढच्याचा हिशेब त्याच जागी मांडतो. तिथे पालक आणि छोले घालून जिरे-लसणाची जी भाजी मिळते ती पावाशी खाल्ली, तर शाकाहारी माणसाला स्पेनमध्ये उपाशी राहावे लागते हा प्रवाद कोणी पसरवला याचे आश्चर्य वाटते.

अर्थात प्रवाद अगदी निराधार नाही. डुकराचे वाळवलेले मांस हा त्या देशाच्या स्वयंपाकाचा प्राण असल्यामुळे वाटाण्यात, शेंगांच्या भाजीत, साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही त्याचे तुकडे निघतात, आणि 'मांस नको' म्हटले तर मासळी आणून ठेवणारे भले लोकही भेटतात. त्यासाठी चार पदार्थ लक्षात ठेवलेले बरे. टोमॅटो चोळून वर ऑलिव्ह तेल सोडलेला पाव, तळलेल्या बटाट्यांवर तिखट रस्सा, थंड टोमॅटोचे सार, आणि कोर्दोबाचे ते अपूर्व पक्वान्न: वांग्याचे तळलेले काप आणि त्यांवर उसाची काकवी. अंडे चालत असेल तर बटाट्याचा जाड पोळा सगळ्या देशात मिळतो. दुपारी कचेऱ्यांच्या आसपासच्या साध्या खानावळींत दारावरच्या फळ्यावर 'दिवसाचे जेवण' लिहिलेले असते. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळे एका ठरीव किमतीत. ती तिकडची राईसप्लेट आहे, आणि राईसप्लेटप्रमाणेच ती खाणाऱ्यांत कारकून, गवंडी, वकील आणि दुकानदार शेजारी शेजारी बसलेले असतात. आमची सहल त्या वेळी शहराबाहेरच्या कुठल्याशा भोजनगृहात पनीर आणि पिवळी डाळ जेवत असते.

पुढचा मुद्दा इतिहासाचा. तो ठाणेकरांच्या खास हक्काचा असूनही आम्ही तो हक्क कधी बजावीत नाही.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहनामा करून वसईचा मुलुख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला, आणि त्यात साष्टी बेटासह आमचे ठाणेही गेले. पुढे १५८०मध्ये पोर्तुगालची गादी वारसाविना रिकामी पडली आणि स्पेनचा राजा दुसरा फिलिप तिच्यावर बसला. कारभार पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्याच हाती ठेवण्याचे त्याने कबूल केले, त्यामुळे वसईचा कप्तान पोर्तुगीजच राहिला, पण १६४०पर्यंतची साठ वर्षे ज्याच्या नावाने हुकूम सुटत होते तो धनी माद्रिदला बसणारा होता. ज्याने एस्कोरियालचा प्रचंड राजवाडा-मठ उभारला, ज्याचे आरमार १५८८मध्ये इंग्लंडवर चालून जाऊन पराभूत झाले, तो राजा काही काळ आमच्या ठाण्याच्या कोष्ट्यांचा, कोळ्यांचा आणि कुळंब्यांचाही राजा होता. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्याचे चिलखत घातलेले, तिशियनने १५५१ साली काढलेले चित्र टांगलेले आहे. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ या वेळात त्या संग्रहालयाला प्रवेशमूल्य नाही. आमची मंडळी त्या वेळी बहुधा फुटबॉल-मैदानाबाहेर छायाचित्र काढून घेत असतात.

याच राजाच्या काळात, १५५६च्या सुमारास वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि इथल्या आईचा मुलगा गोन्सालो गार्सिया, जपान आणि मनिला या बाजूंना व्यापार करीत फिरला, मनिलाच्या स्पॅनिश फ्रान्सिस्कन साधूंच्या संघात दाखल झाला, आणि १५९३मध्ये फिलिपाईन्सच्या स्पॅनिश सुभेदाराची वकिलात जपानला गेली तेव्हा तिच्याबरोबर दुभाष्या म्हणून गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला सोबत्यांसह क्रुसावर चढवण्यात आले, आणि १८६२मध्ये पोपने त्याला संतपद दिले. वसईत त्याच्या नावाचे चर्च आहे, शाळा-महाविद्यालय आहे. खोपटहून वसई काही अवघड नाही. स्पेनला जाण्यापूर्वी एक रविवार घोडबंदरमार्गे वसईच्या किल्ल्यात घालवला, तिथली छप्पर उडालेली चर्चे, कमानींवरची चिन्हे आणि भिंतींतून उगवलेले वड-पिंपळ पाहिले, तर पुढे कोर्दोबाला जे पाहायचे आहे त्याची निम्मी तयारी झाली.

कोर्दोबाची मशीद पहिल्या अब्द अल-रहमानने आठव्या शतकाच्या शेवटी उभारायला घेतली आणि पुढच्या दोनशे वर्षांत ती वाढत गेली. आत शिरल्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी आणि त्यांखालचे साडेआठशेच्या आसपास खांब असे दूरवर पसरत जातात की आपण कुठल्या दिशेने चाललो आहोत याचे भान सुटते. आणि मग एकाएकी, त्या ठेंगण्या अरण्याच्या मधोमध, छत आभाळाला भिडवणारे सोळाव्या शतकातले ख्रिस्ती देवालय उभे राहते. १२३६मध्ये तिसऱ्या फर्नांदोने शहर घेतले तेव्हापासून ही वास्तू चर्च आहे. इथे घंटांची एक हकीकत सांगतात. ९९७ साली कोर्दोबाच्या अल-मन्सूरने उत्तरेला सांतियागो गावावर स्वारी केली, तिथल्या देवळाच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवर लादून दक्षिणेला आणल्या आणि मशिदीत दिव्यांसाठी टांगल्या. सव्वादोनशेपेक्षा अधिक वर्षांनी फर्नांदोने त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठवल्या. ही हकीकत मार्गदर्शकाने सांगितली की मंडळी 'अरेच्चा!' म्हणून पुढे सरकतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, मेणवलीच्या घाटावरची आणि भीमाशंकरची घंटा ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तरी इतक्या सहज पुढे सरकू नये, कारण १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर त्या मुलखातल्या चर्चांच्या घंटा कुठे कुठे गेल्या, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. आपण त्याचा अभिमान बाळगतो. कोर्दोबाला उभे राहिल्यावर तोच प्रसंग दुसऱ्या बाजूने कसा दिसतो, याचा विचार करायला निदान अर्धा तास हवा. पत्रकात कोर्दोबाला एकंदर दीड तास दिलेला असतो.

ग्रानादाच्या अल्हंब्राविषयी मी लिहीत बसत नाही. लिहिणारे पुष्कळ आहेत. एवढेच सांगतो की तिथल्या नसरी राजवाड्यात शिरायच्या तिकिटावर तुमचे नाव असते आणि वेळ मिनिटांसकट छापलेली असते, बस उशिरा पोचली तर पाणी वाहणारे ते दालन बाहेरूनच नमस्कार करून सोडावे लागते, आणि आदल्या रात्री ग्रानादातच मुक्काम असलेल्याला ही धास्ती नसते.

बार्सिलोनाचे प्रकरण निराळे आहे. २०२४च्या जुलै महिन्यात तिथे हजारो रहिवाशांनी मोर्चा काढला आणि काहींनी उपाहारगृहांच्या बाहेर बसलेल्या पर्यटकांवर मुलांच्या खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. आमच्याकडच्या वृत्तपत्रांत ती बातमी 'पाहुण्यांचा अपमान' अशा सुरात आली. पण त्या मोर्च्यामागचे आकडे पाहावेत. त्या वर्षी सुमारे पाच कोटी वस्तीच्या स्पेनमध्ये नऊ कोटी अडतीस लाख परदेशी पाहुणे आले. शहरातली भाडी दहा वर्षांत दोन-तृतीयांशांहून अधिक वाढली असे सांगून महापौर जाउमे कोलबोनी यांनी मोर्च्याच्या काही दिवस आधीच जाहीर केले होते की, पर्यटकांना दिवसाच्या बोलीने देण्यासाठी काढलेले १०,१०१ सदनिकांचे परवाने २०२८च्या नोव्हेंबरनंतर पुन्हा दिले जाणार नाहीत. त्याच वर्षी नगरपालिकेने आणखी एक गमतीदार, पण मला अत्यंत शहाणपणाचे वाटलेले काम केले. ११६ क्रमांकाची छोटी बस, जी वास्तुविशारद गाउदीच्या पार्क ग्वेलजवळच्या चढावर राहणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय होती, ती पर्यटकांनी इतकी भरून जाऊ लागली की रहिवाशांना उभे राहायला जागा मिळेना. तेव्हा पालिकेने ती बस मोबाइलच्या नकाशांतून काढून घ्यायला लावली. बस धावतच राहिली, फक्त परक्यांना ती दिसेनाशी झाली.

ठाण्याच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. बार्सिलोनाची लोकसंख्या सोळा-सतरा लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या ठाणे महापालिकेची अठरा लाखांवर होती. आकाराने ती दोन शहरे सख्खी भावंडे शोभतील. आणि पर्यटक रहिवाशाच्या डोक्यावर कसा बसतो हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही, येऊरला गेले तरी पुरे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून असलेल्या त्या डोंगरावर पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा इथे आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आणि शनिवार-रविवारच्या रात्री भाड्याने दिलेल्या बंगल्यांतून जो धांगडधिंगा चालतो, त्याविरुद्ध त्यांनी आणि आसपासच्या नागरिकांनी किती तक्रारी केल्या, किती अर्ज दिले, हे स्थानिक वर्तमानपत्रे वाचणाऱ्याला सांगायला नको. मुद्दा असा की येऊरच्या रहिवाशाची बाजू घेणारा ठाणेकर बार्सिलोनाच्या रहिवाशाला उर्मट ठरवू शकत नाही. त्याने एकच बाजू घ्यावी. बार्सिलोनाला जायचेच असेल तर परवानाधारक हॉटेलात उतरावे, स्वस्त पडते म्हणून कोणाच्या राहत्या इमारतीतल्या सदनिकेत तेरा माणसांचा गोतावळा घेऊन उतरू नये, आणि मध्यरात्री जिन्यावरून चाकांच्या बॅगा खडखडवू नयेत. सग्रादा फमिलिया हे गाउदीचे चर्च तर पाहावेच. १८८२मध्ये सुरू झालेले ते बांधकाम गाउदी १९२६ साली ट्रामखाली सापडून वारल्यावरही पिढी दर पिढी चालूच राहिले. सकाळच्या पहिल्या वेळेचे तिकीट काढले तर पूर्वेच्या रंगीत काचांतून येणारा उजेड खांबांवर हळूहळू खाली सरकताना पाहता येतो, आणि त्या वेळी निळा-हिरवा रंग कोणत्या बाजूला आणि तांबडा कोणत्या बाजूला, हे योजणाऱ्याच्या बुद्धीचे कौतुक वाटते.

बार्सिलोनाचा आणि आमचा व्यवहार मात्र एकतर्फी नाही, हे जाता जाता नोंदवतो. त्या प्रांतातले फादर हेन्री हेरास १९२२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास शिकवायला आले, १९२६मध्ये त्यांनी तिथे संशोधन संस्था काढली, मूर्ती, नाणी, हस्तलिखिते जमवली, आणि १९५५ साली मुंबईतच देह ठेवला. बार्सिलोनातच जन्मलेले व्हिसेंते फेरर १९५२ साली आले आणि मनमाडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांना विहिरी खणायला मदत करीत राहिले. १९६८मध्ये त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्यासाठी मनमाडहून मुंबईच्या वाटेला पायी लागले. पुढे त्यांना परतण्याची मुभा मिळाली ती महाराष्ट्रात नव्हे, आंध्रातल्या अनंतपूरला, आणि पुढचे काम त्यांनी त्या जिल्ह्यात केले. मनमाडने त्यांना गमावले, ही हळहळ त्या बाजूच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून ऐकू येते. फादर हेरास मुंबईत राहिले तशी ठाण्याच्या पर्यटकाने बार्सिलोनाला तेहतीस वर्षे राहावे असे मी सुचवीत नाही. चार रात्री राहिला तरी चालेल.

तेव्हा माझे म्हणणे सहल-कंपन्यांपुढे मांडतो, कारण पत्रक छापणारे तेच. त्यांचे ठरलेले उत्तर मला ठाऊक आहे: गिऱ्हाइकालाच जास्त शहरे हवी असतात. गिऱ्हाइकाला काय हवे हे त्याला दुसरे काही दाखवल्याशिवाय कसे कळणार? ठाण्यातल्या एखाद्या कंपनीने एक हंगाम धाडस करून फक्त सेव्हिल आणि ग्रानादा अशी दहा दिवसांची सहल काढावी. सेव्हिलला सहा रात्री, ग्रानादाला तीन. कोर्दोबा सेव्हिलहून रेल्वेने पाऊण तासावर आहे. तिथे सकाळी जाऊन रात्री परत येता येते, आणि ती द्रुतगती गाडी ज्या मार्गावर १९९२ साली स्पेनमध्ये पहिल्यांदा धावली तो हाच मार्ग. दुपारी सक्तीची विश्रांती, रात्रीचे जेवण नऊच्या आत नाही, भारतीय उपाहारगृह ज्याचे त्याने शोधावे. एप्रिलचा महिना धरला तर ऊन सोसवते आणि रस्त्यांवरच्या नारिंगाच्या झाडांना बहर असतो. बार्सिलोना आणि माद्रिद पुढच्या खेपेला. तरुणांचे सोडा, त्यांना धावपळ झेपते. पण या सहलींना जाणाऱ्यांत साठी ओलांडलेल्यांचा भरणा किती असतो ते कंपन्यांना आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे, आणि रोज पहाटे उठून वीस किलोची बॅग भरून दाराबाहेर ठेवताना त्यांची काय अवस्था होते, तेही. नव्या पत्रकावर कमानींची आणि कारंज्यांची चित्रे छापली नाहीत तरी चालतील. 'दहा दिवसांत बॅग दोनदाच भरावी लागेल' एवढे एक वाक्य ठळक अक्षरांत छापले, तर गुडघेदुखीने बेजार झालेली निम्मी गिऱ्हाइके आपल्या पायांनी त्या कचेरीत चालत येतील.